झऱ्याचं पाणी खाली किती तापलेलं असतं? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

या महिन्यात गरम झरे आणि खोल विहिरींतलं खारं पाणी या विषयावर बरीच पत्रं आली. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : आमच्या गावाजवळच्या गरम झऱ्याचं पाणी प्रयोगशाळेत तपासून घेतलं. झऱ्यावर तापमान ६० अंश, पीएच ७.९. बाकीचे आकडे मिलिग्रॅम प्रतिलिटरमध्ये : सोडियम ३५०, पोटॅशियम १५, कॅल्शियम १३०, मॅग्नेशियम ०.५, क्लोराइड ६५०, सल्फेट १३०, बायकार्बोनेट ५०, सिलिका १००. खोलवरचं तापमान काढायची सूत्रं लावली तर प्रत्येक सूत्र वेगळं उत्तर देतं, ८५ पासून १७३ अंशांपर्यंत. खरं कुठलं धरायचं? (संगमेश्वर तालुका)

आधी रिपोर्ट विश्वासार्ह आहे का ते बघू. धनभारित आणि ऋणभारित आयनांची बेरीज मिलिइक्विव्हॅलंटमध्ये, म्हणजे विद्युतभाराच्या हिशेबाने, जवळपास सारखी यायला हवी. तुमच्या आकड्यांत सोडियम १५.२२, पोटॅशियम ०.३८, कॅल्शियम ६.४९, मॅग्नेशियम ०.०४ मिळून २२.१ होतात. दुसरीकडे क्लोराइड १८.३४, सल्फेट २.७१, बायकार्बोनेट ०.८२ मिळून २१.९. फरक एकूण बेरजेच्या एक टक्क्याहूनही कमी आहे. पाच टक्क्यांपर्यंत चालतो, त्यापुढे गेला तर तापमान काढत बसू नका, नमुना परत तपासा.

आता सूत्रांकडे. खोलवर पाणी खडकाच्या सान्निध्यात बराच काळ राहिलं की दोघांत रासायनिक समतोल होतो, आणि हा समतोल कुठे होतो ते तापमानावर ठरतं. पाणी पुरेशा वेगाने वर आलं तर ते प्रमाण बऱ्याच अंशी तसंच टिकतं. प्रत्येक सूत्र मात्र वेगळ्या खनिजांचा समतोल गृहीत धरतं. ते खनिज तुमच्या पाण्याच्या वाटेत नसेल किंवा समतोलाला वेळच मिळाला नसेल, तरी सूत्र उत्तर देतंच. घोटाळा तिथे होतो.

सिलिकाची दोन सूत्रं घ्या, क्वार्ट्झ आणि कॅल्सेडनी या सिलिकाच्याच दोन खनिजांवरची. दोन्हींत सिलिका मिलिग्रॅम प्रतिकिलोमध्ये आणि लॉग दशमान पायाचा.

क्वार्ट्झ : १३०९ ÷ (५.१९ − लॉग सिलिका) − २७३
कॅल्सेडनी : १०३२ ÷ (४.६९ − लॉग सिलिका) − २७३

सिलिका १०० असताना पहिलं १३७ अंश देतं, दुसरं ११०. क्वार्ट्झची क्रिया कमी तापमानाला फार मंद चालते. बेसॉल्टच्या मुलखात, विशेषतः आइसलंडच्या अनुभवावरून, सुमारे १८० अंशांखाली पाण्यातली सिलिका बहुधा कॅल्सेडनी ठरवते. आपल्याकडेही वरचा खडक बेसॉल्टचाच आहे, म्हणून ११० जवळचं.

सोडियम-पोटॅशियमची सूत्रं दोन फेल्डस्पार खनिजांच्या समतोलावर उभी आहेत. तुमचं सोडियम ÷ पोटॅशियम गुणोत्तर २३.३. भूरसायनशास्त्रज्ञ फोर्नियर यांचं सूत्र, १२१७ ÷ (लॉग गुणोत्तर + १.४८३) − २७३, त्यावर १५४ देतं. गिगेनबाख यांचं १९८८ चं सूत्र, १३९० ÷ (लॉग गुणोत्तर + १.७५) − २७३, देतं १७३. हा समतोल दीडशे अंशांखाली क्वचितच पूर्ण होतो. तिथे गुणोत्तर ठरतं ते खडक विरघळण्यातून, तापमानातून नव्हे. १७३ हा आकडा पाहून हुरळून जाऊ नका.

कॅल्शियम जोडलेलं सूत्र फोर्नियर आणि ट्रूसडेल यांनी १९७३ मध्ये दिलं. ते तुम्हाला ८५ देतं. त्याला कारण तुमचं भरपूर कॅल्शियम. बेसॉल्टमधल्या प्लाजिओक्लेज या फेल्डस्पारमधून कॅल्शियम सुटतं आणि त्याच्या जागी सोडियम बसतं. पाणी कॅल्शियमने जड झालं की हे सूत्र खाली ओढलं जातं.

राहिलं पोटॅशियम-मॅग्नेशियमचं : ४४१० ÷ (१४ − लॉग (पोटॅशियमचा वर्ग ÷ मॅग्नेशियम)) − २७३. तुमच्या आकड्यांवर ११५ ते ११६ अंश. हा समतोल लवकर जुळतो, म्हणून कमी तापमानालाही चालतो. कॅल्सेडनीचं ११० आणि हे ११५ वेगवेगळ्या खनिजांवरून आलेले आकडे आहेत. ते एकमेकांना दुजोरा देतात, म्हणून आम्ही ११० ते ११५ धरू. आणखी एक पडताळा बघा. गिगेनबाख यांच्याच मांडणीवरून काढलेला परिपक्वता-निर्देशांक, म्हणजे ०.३१५ × लॉग (पोटॅशियमचा वर्ग ÷ मॅग्नेशियम) − लॉग (पोटॅशियम ÷ सोडियम), तुमच्या पाण्यासाठी २.२ येतो. २ च्या खाली पाणी अपरिपक्व, २.६६ च्या पुढे पूर्ण समतोलात. तुमचं मधलं आहे, अंशतः समतोलातलं. सोडियम-पोटॅशियमच्या उत्तरावर भिस्त न ठेवण्याचं हे दुसरं कारण.

एक सावधगिरी मात्र ठेवा. ११० चे ६० अंश झाले ते नुसतं वाटेत खडकाला उष्णता देऊन, की थंड पाणी मिसळून? मिसळलं असेल तर सिलिकाही पातळ झाली आणि ११० हा आकडा किमान ठरतो. जवळच्या थंड विहिरीचं क्लोराइड मोजा, आणि झऱ्याचं क्लोराइड निरनिराळ्या महिन्यांत तपासा. तापमान आणि क्लोराइड एकत्र खालीवर होत असतील तर मिसळण होते आहे.

प्रश्न : विद्यार्थ्यांच्या प्रकल्पासाठी गणेशपुरी-अकलोलीपासून तुरळ-राजवाडीपर्यंतच्या झऱ्यांचे नमुने घ्यायचे आहेत. नमुना घेण्याची नेमकी पद्धत सांगाल का? (महाड, रसायनशास्त्राचे प्राध्यापक)

मार्च ते मे हा काळ धरा. पावसाळ्यात नद्या फुगतात, काही झऱ्यांत वरचं पाणी शिरतं आणि मग तुम्ही मोजता तो पाऊस. मिसळण समजून घ्यायची असेल तर ऑक्टोबरमध्ये दुसरी फेरी जरूर करा, पण तापमान काढायला उन्हाळ्यातलाच नमुना वापरा.

आपल्याकडची बहुतेक कुंडं बांधीव आहेत आणि त्यांत लोक अंघोळ करतात. कुंडातलं पाणी घेऊ नका. जिथून बुडबुडे येतात किंवा सर्वांत जास्त तापमान लागतं ती जागा थर्मामीटरने शोधा आणि तिथे सिलिकॉनची नळी खाली सोडून सिरिंजने पाणी ओढा. पाण्याला हवा जितकी कमी लागेल तितकं बरं. तापमान आणि विद्युतवाहकता जागेवरच नोंदवा. पीएचही तिथेच, मीटर ७ आणि ९.२ च्या बफरने जुळवून. इलेक्ट्रोड ६० अंश सोसणारा नसेल तर पाणी झाकणबंद बाटलीत, वर हवा न ठेवता, थंड करून मोजा. उघडं ठेवलंत तर कार्बन डायऑक्साइड उडून पीएच चढतो.

प्रत्येक झऱ्याला तीन बाटल्या लागतात, तिन्ही नव्या, एचडीपीई प्लास्टिकच्या. काचेची नको, काचेतून सिलिका पाण्यात उतरते. पाणी ०.४५ मायक्रॉनच्या सिरिंज-फिल्टरमधून गाळा आणि त्याच गाळलेल्या पाण्याने बाटल्या तीनदा विसळा.

पहिली, २५० मिलिलिटरची, धातूंसाठी. तीत १ मिलिलिटर शुद्ध, तीव्र नायट्रिक आम्ल टाका, म्हणजे पीएच २ च्या खाली राहील. त्याने कॅल्शियम आणि लोह बाटलीच्या भिंतीवर बसत नाहीत. हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय विद्यार्थ्यांच्या हाती हे आम्ल देऊ नका.

दुसरी, तेवढीच, क्लोराइड-सल्फेटसाठी. आम्ल अजिबात नाही, आणि काठोकाठ भरलेली. बायकार्बोनेटही हिच्यातूनच, पण त्याच दिवशी, ०.०२ नॉर्मल सल्फ्युरिक आम्लाने पीएच ४.५ पर्यंत टायट्रेशन करून.

तिसरी, १०० मिलिलिटरची, सिलिकासाठी. १० मिलिलिटर नमुना पिपेटने मोजून ९० मिलिलिटर विआयनित पाण्यात जागेवरच मिसळा. अस्फटिकी सिलिका २५ अंशांना लिटरमागे साधारण ११५ ते १२० मिलिग्रॅम एवढीच विरघळते. त्याच्या जवळपासचा नमुना थंड झाला की सिलिकाचे रेणू एकमेकांना जोडले जाऊ लागतात. मॉलिब्डेटचा पिवळा रंग फक्त सुट्या सिलिकाशी येतो, जोडलेली सिलिका मोजणीतून निसटते आणि तापमान कमी निघतं.

प्रयोगशाळेत तीन ठिकाणी हमखास चुकतं. एक, रिपोर्टमध्ये सिलिका लिहिली आहे की नुसतं सिलिकॉन, ते विचारा. सिलिकॉनला २.१४ ने गुणलं की सिलिका मिळते. सिलिकॉन ४६.७ म्हणजे सिलिका १००. तोच ४६.७ सिलिका समजून सूत्रात घातला तर क्वार्ट्झचं १३७ अंशांचं उत्तर ९९ वर येतं. दोन, मॅग्नेशियम ईडीटीएच्या टायट्रेशनने काढू नका. एकूण काठिण्यातून कॅल्शियम वजा करून मॅग्नेशियम काढलं, तर १३० कॅल्शियमच्या शेजारी ०.५ मॅग्नेशियम सापडणारच नाही, दोन-तीन मिलिग्रॅमची चूक सहज होते. ०.५ च्या जागी ३ आलं तर उत्तर ११५ वरून ९१ वर उतरतं. त्यासाठी अ‍ॅटॉमिक अ‍ॅब्सॉर्प्शन किंवा आयसीपी यंत्रावर मोजणं हवं, आणि ते बाहेरून करून घेण्याचा खर्च सोसण्यासारखा आहे. तीन, फ्लेम फोटोमीटरवर पोटॅशियम मोजताना सोडियम अडथळा आणतं, म्हणून पोटॅशियमच्या प्रमाणित द्रावणांत नमुन्याइतकंच सोडियम घाला.

प्रश्न : आमच्याकडचा झरा खाडीच्या काठावर आहे. भरतीच्या वेळी घेतलेल्या नमुन्यात मॅग्नेशियम १३ मिलिग्रॅम आलं, ओहोटीला जेमतेम अर्धा मिलिग्रॅम. खाडीचं थोडं पाणी मिसळलं तर इतका फरक पडतो का? (दापोली तालुका)

पडतो, आणि किनाऱ्यावरच्या झऱ्यांची हीच खरी अडचण आहे. समुद्राच्या लिटरभर पाण्यात क्लोराइड सुमारे १९,३५० मिलिग्रॅम, सोडियम १०,७६०, मॅग्नेशियम १,२९०, कॅल्शियम ४१०, पोटॅशियम ४०० असतं. खोलवरच्या गरम पाण्यात मॅग्नेशियम जवळपास नसतंच, कारण ते क्लोराइटसारख्या खनिजांत अडकतं. म्हणून नुसतं एक टक्का समुद्राचं पाणी मिसळलं की मॅग्नेशियम ०.५ वरून १३ वर जातं.

पहिल्या प्रश्नातलंच पाणी घेऊन बघा. त्यात एक टक्का खाडी मिसळली तर पोटॅशियम १८.८, मॅग्नेशियम १३.४, आणि पोटॅशियम-मॅग्नेशियमचं उत्तर ११५.५ वरून ७७.५ अंशांवर. एका टक्क्यात ३८ अंश गेले! सिलिका मात्र १०० ची ९९ झाली, म्हणजे कॅल्सेडनीचा आकडा जागचा हललाही नाही. परिपक्वता-निर्देशांक १.८ वर घसरतो. कॅल्सेडनी ११० म्हणते आणि मॅग्नेशियम ७८ म्हणतं असं दिसलं, की पहिला संशय मिसळणीवर घ्या.

नमुना पूर्ण ओहोटीला, पाणी वळायच्या आधी घ्या. त्याच वेळी खाडीचाही एक नमुना घ्या. मुखाजवळची खाडी आणि आतली खाडी यांच्या खारटपणात खूप फरक असतो, पुस्तकातले समुद्राचे आकडे तिथे चालत नाहीत. सलग सहा तास दर तासाला झऱ्याची विद्युतवाहकता मोजलीत तर भरतीचा हात किती आहे ते कागदावर स्पष्ट उमटेल. हा सर्वांत स्वस्त प्रयोग आहे आणि तो वगळून कुणी पुढे जाऊ नये असं आम्हाला वाटतं.

क्लोराइड आणि ब्रोमाइडचं गुणोत्तरही बघा. समुद्राच्या पाण्यात ते वजनाने २९० च्या आसपास असतं. ओहोटीच्या नमुन्यातही ते तेवढंच आलं, पण मॅग्नेशियम नगण्य असेल, तर वरवरची मिसळण नाही. तिथे समुद्राचंच पाणी खूप आधी खोल जाऊन बेसॉल्टशी क्रिया करून आलं असण्याची शक्यता विचारात घ्यावी लागते. कोकणातल्या झऱ्यांचा खारटपणा नक्की कुठून आला यावर अभ्यासकांत मतभेद आहेत, आणि त्या वादात असे मोजलेले आकडेच उपयोगी पडतात.

प्रश्न : बागेतल्या विहिरीचं पाणी थंड आहे, २७ अंश. पण सिलिका ५० मिलिग्रॅम निघाली आणि क्वार्ट्झचं सूत्र १०२ अंश सांगतं. जमिनीखाली उष्णता आहे का? (राजापूर)

नाही. बेसॉल्ट झिजताना सिलिका सहज सोडतो आणि आपल्याकडच्या साध्या विहिरींत ती ३० ते ६० मिलिग्रॅम असणं नेहमीचं. ही सिलिका हवामानाची आणि जमिनीतल्या कार्बन डायऑक्साइडची देणगी आहे. कॅल्सेडनीचं सूत्रही या पाण्याला ७२ अंश दाखवेल आणि तेही तितकंच निरर्थक. क्लोराइड कमी, बायकार्बोनेट जास्त, मॅग्नेशियम दहा-वीस मिलिग्रॅम असेल तर ते ताजं पावसाचं पाणी. त्याच्यावर तापमानाची सूत्रं लावूच नयेत. त्या विहिरीवर बोअर मारण्याचा खर्च करू नका.

प्रश्न : मी मूळचा चिपळूणचा, सध्या केनियात भूऔष्णिक विहिरींवर काम करतो. वीअर बॉक्समधल्या (वाफ वेगळी झाल्यावर उरलेलं पाणी मोजायच्या पेटीतल्या) पाण्यात सिलिका ६०० येते. वरिष्ठ म्हणतात जलाशय २४० अंशांचा, माझं क्वार्ट्झचं सूत्र २७० देतं. चूक कुठे? आणि पाइपात थर इतक्या लवकर का बसतात?

तुम्ही लावलेलं सूत्र वाफ न सुटलेल्या पाण्याचं आहे. विहिरीतून पाणी वर येताना दाब उतरतो, काही पाण्याची वाफ होते आणि सिलिका उरलेल्या पाण्यात साठते. २४० अंशांच्या पाण्यातली उष्णता किलोमागे १,०३७ किलोज्यूल, १०० अंशांच्या पाण्यातली ४१९, आणि १०० अंशांना वाफ व्हायला लागतात २,२५७. मग वाफ झालेला हिस्सा (१,०३७ − ४१९) ÷ २,२५७, म्हणजे ०.२७४. खाली सिलिका ४३६ असली तर वर ती ४३६ ÷ ०.७२६, म्हणजे ६०० होते. तुमच्या आकड्यालाच वाफ सुटलेल्या पाण्याचं सूत्र, १५२२ ÷ (५.७५ − लॉग सिलिका) − २७३, लावलं तर २३९ अंश येतात. वरिष्ठ बरोबर आहेत.

हे सूत्र १०० अंशांना वाफ सुटते असं धरतं. तुमची जागा दोन हजार मीटर उंचीवर असेल तर पाणी ९३ अंशांच्या आसपासच उकळतं. सेपरेटर, म्हणजे वाफ आणि पाणी वेगळं करणारं पात्र, दाबाखाली चालत असेल तर त्या दाबाचं उकळण्याचं तापमान घेऊन हिशेब स्वतः मांडा. सोडियम-पोटॅशियमचं गुणोत्तर वाफ सुटल्याने बदलत नाही, म्हणून पडताळ्याला ते हवंच. २४० अंशांना तो समतोल झालेला असतो, तेव्हा इथे त्यावर भरवसा ठेवता येतो. नमुना लगेच दसपट पातळ करा, ६०० सिलिका काही मिनिटांतच जोडली जाऊ लागते.

थरांचं कारणही याच आकड्यांत आहे. खाली पाणी क्वार्ट्झशी समतोलात असतं, पण पाइपात बसते ती अस्फटिकी सिलिका, आणि ती १०० अंशांना ३६४ मिलिग्रॅम विरघळते. तुमचं पाणी ६०० घेऊन येतं, १.६५ पट. उपाय दोन : सेपरेटरचा दाब वाढवून पाणी गरमच परत जमिनीत सोडायचं, म्हणजे थोडी वाफ आणि थोडी वीज गमवायची, किंवा आम्ल देऊन पीएच ५ च्या आसपास आणायचा, म्हणजे जोडणी मंदावते. आम्लाने पोलाद गंजतं, त्यामुळे पीएचची मोजणी अखंड चालू ठेवावी लागते.

विहिरीच्या आत, वाफ सुटायला लागते त्या खोलीवर पांढरा कडक थर सापडला तर तो बहुधा कॅल्साइटचा. कार्बन डायऑक्साइड वाफेबरोबर निसटतो, पीएच चढतो आणि कॅल्शियम कार्बोनेट बसतं. थर रोखणारं रसायन बारीक नळीने त्या खोलीच्या खाली सोडलं तरच उपयोग होतो. वर सोडलेलं वाया जातं.

प्रश्न : झऱ्याला गंधकाचा वास येतो. खाली ज्वालामुखी आहे का? (भिवंडी तालुका)

नाही. दख्खनचा बेसॉल्ट साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, त्याची उष्णता कधीच संपली. वास हायड्रोजन सल्फाइडचा, आणि आपल्या नाकाला तो अत्यल्प प्रमाणातही लागतो. पालघरच्या कोकनेरपासून राजापूरपर्यंत झऱ्यांची ओळ साधारण उत्तर-दक्षिण जाते. पावसाचं पाणी भेगांतून खोल उतरतं, पृथ्वीच्या नेहमीच्या उष्णतेने तापतं आणि दुसऱ्या भेगेने वर येतं. जमिनीवर २८ अंश आणि किलोमीटरमागे ३० अंश वाढ धरली तर पहिल्या प्रश्नातल्या ११० ते ११५ च्या मधल्या, ११२ अंशांना पोचायला २.८ किलोमीटर खोली लागते, ४५ धरली तर १.९. कोयनेजवळ भूकंपाच्या अभ्यासासाठी २०१७ पर्यंत खोदलेल्या तीन किलोमीटरच्या विहिरीत सुमारे १,२५० मीटरनंतर बेसॉल्ट संपून ग्रॅनाइट लागला. कोकणातही ते पाणी बेसॉल्टखालच्या ग्रॅनाइटमध्ये फिरत असू शकतं, म्हणून सूत्र निवडताना हेही मनात ठेवावं.

प्रश्न : झऱ्याच्या उष्णतेवर वीज किंवा काजू-मासळी वाळवण्याचा उद्योग होईल का? (रत्नागिरी)

विजेबाबत अपेक्षा माफक ठेवा. ११२ अंशांचं पाणी सेकंदाला ५ लिटर मिळालं आणि ७० अंशांपर्यंत थंड केलं तर ८८० किलोवॅट उष्णता हाती येते. बायनरी यंत्र (गरम पाण्याने कमी तापमानाला उकळणारा दुसरा द्रव उकळवून त्याच्या वाफेवर चालणारं) त्यातली ८ टक्क्यांच्या आसपास वीज करेल, म्हणजे ७० किलोवॅट, आणि पंप त्यातलाच वाटा खाणार. अलास्कातल्या चेना इथे २००६ पासून ७४ अंशांच्या पाण्यावर वीज होते खरी, पण तिथे थंड करायला बर्फासारखं गार पाणी आहे. आपल्याकडे ते २७-२८ अंशांचं.

उष्णता थेट वापरणं जास्त फायद्याचं. झऱ्याचं ६० अंशांचं पाणी सेकंदाला ५ लिटर, ४० पर्यंत उतरवलं तर विहीर न खोदता ४१८ किलोवॅट. मासळी आणि आमसुलं वाळवायला ४५-५० अंशांची हवा पुरते. काजूगराच्या बोरम्याला (गर वाळवायच्या भट्टीला) ७० अंश लागतात, तिथे वरची उष्णता लाकडाने किंवा विजेने द्यावी लागेल.

झऱ्याचं पाणी थेट यंत्रात फिरवू नका, मध्ये प्लेटचा उष्णता-विनिमयक घाला. ६५० क्लोराइड आणि ६० अंशांना ३०४ जातीच्या स्टेनलेस स्टीलला वर्षा-दोन वर्षांत टाचणीएवढी भोकं पडू शकतात, आणि ३१६ चीही खात्री देता येत नाही. टायटॅनियमच्या प्लेटा महाग पडतात, पण त्या टिकतात. या पाण्यात सिलिकाचे थर बसण्याची भीती नाही, कारण ६० अंशांना अस्फटिकी सिलिका २१० मिलिग्रॅमपर्यंत विरघळलेली राहते आणि तुमच्याकडे १०० च आहे. ४० अंशांना थंड झाल्यावरही तिला जागा उरते. लक्ष ठेवायचं ते कॅल्साइटवर. पाणी टाकीत उघडं खळाळू देऊ नका, बंद पाइपातून दाबाखाली न्या, आणि विनिमयकाच्या दोन्ही टोकांना दाबमापक बसवा. दोन्हींतला फरक सुरुवातीच्या दीडपट झाला की प्लेटा उघडून सौम्य सायट्रिक आम्लाने धुवायच्या.